एका सत्रासाठी सालामांकाला जाऊ का?

मिरजेची_सई

नमस्कार. मी पुण्यात अर्थशास्त्रात बी.ए. करते आहे, आता तिसरं वर्ष. बारावीनंतर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकायला लागले आणि यंदा देले या स्पॅनिशच्या परीक्षेची बी१ पातळी पास झाले. आमच्या कॉलेजचा स्पेनमधल्या सालामांका विद्यापीठाशी करार आहे. त्यातून सप्टेंबर ते जानेवारी या सत्रासाठी माझी निवड झाली आहे. तिथली फी भरावी लागत नाही, इथलीच चालू राहते. तिकीट, खोली, जेवण हे मात्र आपलं आपण.

निवड झाली त्या दिवशी मी रडले, इतका आनंद झाला होता. मग घरी फोन केला. बाबांचं म्हणणं, "पाच महिन्यांत काय शिकून होणार? आणि इथलं पाचवं सेमिस्टर बुडालं तर?" आईला जेवणाची काळजी. आम्ही शाकाहारी, मी बाहेर अंडं खाते. विभागात विचारलं तर "विषय जुळले पाहिजेत" एवढंच उत्तर मिळालं.

जाऊन आलेल्यांनी कृपया खरं काय ते सांगा. विषय स्पॅनिशमधून घ्यावेत की इंग्रजीतून? खर्च किती येतो? पाच महिने खरंच कमी पडतात का? दोन आठवड्यांत होकार कळवायचा आहे.

तांबडी_माती

जा! बाकीचं नंतर बोलू.

ओंकार_ग्रानादाकर

अभिनंदन सई. मी २०१९ साली स्पेनमधल्याच ग्रानादाला एक सत्र होतो. तुझ्या बाबांची सेमिस्टरची भीती अगदी रास्त आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

माझी ९ क्रेडिट्स परत आल्यावर इथे धरलीच नाहीत. जाण्याआधी विभागातल्या सरांनी तोंडी "होऊन जाईल" म्हटलं होतं. मी परत येईपर्यंत ते सर बदलले होते, नव्या बाईंना काहीच माहीत नव्हतं. दोन विषय पुढच्या वर्षीच्या मुलांबरोबर बसून पुन्हा दिले. त्यामुळे तोंडी शब्दावर विमानात बसू नकोस.

करारात प्रत्येक विषयासमोर लिहून घे की तिथला हा विषय म्हणजे इथला हा विषय, इतकी क्रेडिट्स. त्यावर विभागप्रमुखांची सही आणि शिक्का. तिथे एका सत्राला ३० ईसीटीएस, म्हणजे युरोपातल्या पद्धतीची, क्रेडिट्स असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात, त्यात घरचा अभ्यासही आला. आपल्याकडे मोजायची पद्धत वेगळी. म्हणून नुसता आकडा दाखवू नकोस, तास दाखव. प्रत्येक विषयाची 'ग्विआ दोसेन्ते' विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते. त्यात धडे, तास, पुस्तकं, गुण कसे देणार हे सगळं लिहिलेलं असतं. ती उतरवून घे, मुख्य भागाचं मराठी किंवा इंग्रजी भाषांतर कर आणि विभागात फाइल करून दे. समोर कागद असला की "विषय जुळत नाही" म्हणणारे लोक निदान वाचायला बसतात.

ओंकार_ग्रानादाकर

आणखी एक राहिलं. गुण. तिथे १० पैकी देतात, ५ ला पास. ७ पासून 'नोताब्ले', ९ पासून 'सोब्रेसालिएन्ते'. त्याच्याही वर 'मात्रीकुला दे ओनोर', ती वर्गातल्या ५ टक्क्यांहून जास्त मुलांना देता येत नाही. तिथे ७.५ मिळवणारा मुलगा चांगल्या मुलांत मोजतात. आपल्या ऑफिसात त्याचे सरळ ७५ टक्के केले. गुण कसे बदलणार हेही आधीच लिहून घे.

दोन_मुलांचा_बाप

ताई, मी तुझ्या बाबांच्या जागी होतो, म्हणून त्यांच्या बाजूने बोलतो. माझा मुलगा २०२२ मध्ये स्पेनला एका सत्रासाठी गेला होता. वहीत लिहून ठेवलेला हिशेब देतो.

खोली महिना २९० युरो, वीज-गॅस-इंटरनेट ४५, खाणं १८०, फोन आणि किरकोळ ६०. म्हणजे महिन्याला ५७५, पाच महिन्यांचे २८७५ युरो, तेव्हाच्या भावाने दोन लाख चाळीस हजार. तिकीट ६५ हजार. व्हिसा, विमा, भाषांतरं, मुंबईच्या फेऱ्या ३५ हजार. फिरला त्याचे ४० हजार. एकूण तीन लाख ऐंशी हजार.

शिष्यवृत्ती नव्हती. एका मध्यमवर्गीय घरासाठी ही रक्कम लहान नाही. मुलगा आनंदात परत आला, पण सोबतची भारतीय मुलं, इंग्रजीतले विषय आणि दर शनिवार-रविवार नवं शहर, असंच त्याचं सत्र गेलं. स्पॅनिश होतं तेवढंच राहिलं. तसंच करायचं असेल तर तुझे बाबा बरोबर आहेत.

नीरजा_माद्रिद

काकांनी आकडे दिले ते फार बरं झालं. आता खोलीची भाडी वाढली आहेत, तरी माद्रिद-बार्सिलोनापेक्षा सालामांका पुष्कळ स्वस्त. व्हिसासाठीही खात्यात पैसे दाखवावे लागतात, महिन्याला ६०० युरोच्या हिशेबाने. ताजा आकडा वकिलातीच्या यादीत बघ.

पण काका, तुमच्या मुलाचं जे झालं त्याचं कारण पाच महिने हे नाही, इंग्रजीतले विषय हे आहे. सई, तुझं बी१ आहे. किमान तीन विषय स्पॅनिशमधून घे. पहिले तीन आठवडे डोकं भणभणेल. प्राध्यापक भरभर बोलतात, मुलं त्याहून भरभर. साधारण ऑक्टोबरच्या मध्याला एक दिवस असा येतो की वर्गातून बाहेर पडल्यावर लक्षात येतं, आज आपण मनात भाषांतर केलंच नाही.

सांख्यिकी_सदा

मी असहमत. अर्थशास्त्रातलं गणिती काम नवीन, त्यात भाषा नवीन, आणि गुण इथल्या गुणपत्रिकेवर येणार. तिला पुढे एम.ए.ला प्रवेश हवा असेल. एक विषय स्पॅनिशमधून, बाकी इंग्रजीतून. भाषा बाजारात आणि घरात शिकता येते.

नीरजा_माद्रिद

सदा, गणिती विषयच स्पॅनिशमधून सोपा जातो! फळ्यावरचं समीकरण सगळीकडे सारखंच. अवघड जातो तो इतिहास, कायदा, जिथे दहा पानी निबंध लिहायचा असतो. आणि घरात भाषा शिकता येते ती घरातली माणसं स्पॅनिश असली तर. म्हणून 'पिसो' शोधताना, म्हणजे मुलं वाटून घेतात तो फ्लॅट, स्पॅनिश मुलींबरोबरचा शोध.

सांख्यिकी_सदा

समीकरणाचा मुद्दा मान्य. दोन विषय स्पॅनिशमधून.

फोंडेकर

स्पेनला जाणाऱ्या मराठी मुलांना एक गंमत सांगायला मला नेहमी आवडतं. आमच्या गोव्यातून आणि कोकणातून पोर्तुगीज शब्द मराठीत आले, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. त्यामुळे सई, तू काही शब्द आजीकडूनच शिकून आली आहेस. आपला 'पगार' बघ, स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे देणे. बटाटा तिथे 'पाताता', पाव म्हणजे 'पान', परात म्हणजे 'प्लातो'. बादलीचं मूळ 'बाल्दे', तो शब्द तिथेही आहे. साबण 'हाबोन' होतो आणि चावी 'यावे'. हापूस तर आफोन्सो, म्हणजे तिथला आल्फोन्सो.

तांबडी_माती

म्हणजे माझी आजी ए१ पातळीची आहे!

शब्दवेडी_मुग्धा

फोंडेकर, काय सुंदर यादी. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. मला वाटतं, शब्दांपेक्षाही मोठी मदत मराठीच्या वाक्यरचनेची होते. इंग्रजीतून शिकणारी मुलं 'मे गुस्ता'पाशी अडतात, कारण "मी आवडते" की "मला आवडतं" हा घोळ. मराठी मुलाला काहीच समजवावं लागत नाही. मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, अगदी तसंच तिथे. 'मे दुएले ला काबेसा' म्हणजे शब्दशः "मला डोकं दुखतंय". आणि माझं सगळ्यात लाडकं, 'से मे कायो एल बासो'. हातून ग्लास पडला. इंग्रजी सरळ "मी ग्लास पाडला" म्हणते. आपण आणि ते, दोघंही "हातून पडला" म्हणतो.

उच्चारातही त आणि द आपल्यासारखे दाताला लागून, प आणि क हवा न सोडता. अडचण येते ती 'सेर' आणि 'एस्तार' या दोन 'असण्यां'ची. आपला 'आहे' आणि 'असतो' हा भेद त्याच्यासारखा वाटतो, पण तो वेगळा आहे, त्यावर विसंबू नकोस.

आणि स्पेनमध्ये मित्रमंडळींना 'तुम्ही' या अर्थी 'बोसोत्रोस' म्हणतात, ते लॅटिन अमेरिकेत वापरत नाहीत. वर्गात आपण ते रूप घाईघाईने संपवतो, तू नीट पाठ करून जा.

नीरजा_माद्रिद

मुग्धाताई, 'कोन्स्तिपादो' पण सांगा. औषधाच्या दुकानात उपयोगी पडतं. इंग्रजीसारखा बद्धकोष्ठ नव्हे, तिथे त्याचा अर्थ सर्दी झालेला!

वर्धेचा_विजय

मी स्पेनचा नाही, मेक्सिकोचा. तिथल्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठात, उनाममध्ये, एक सत्र होतो. विषय थोडा बाजूला नेतो, पण स्पॅनिशचा धागा आहे आणि वर्ध्याचा माणूस आहे, तर पांडुरंग खानखोजे यांचं नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही.

खानखोजे वर्ध्याचे, जन्म १८८४. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत उतरले, देशोदेशी फिरले आणि १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले. तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत प्राध्यापक झाले, मक्यावर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा काढल्या. मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिवेरा याने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर ते चित्र आहे, मेजाभोवती सगळी माणसं बसली आहेत आणि मधला माणूस भाकरी मोडतो आहे. तो भाकरी मोडणारा आपला वर्ध्याचा. मी त्या भिंतीसमोर उभा होतो तेव्हा शेजारच्या मेक्सिकन बाईंना सांगितलं, हे माझ्या गावचे. त्यांनी माझा हात धरला. १९६७ मध्ये नागपुरात ते गेले. आमच्या शाळेत त्यांच्यावर एक ओळ नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

मेक्सिकोच्या जेवणाबद्दल दोन ओळी. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, वाटतात आणि 'कोमाल'वर म्हणजे तव्यावर भाकऱ्या भाजतात, त्यांना 'तोर्तिया' म्हणतात. त्यांचा दगडी 'मेताते' म्हणजे आपला पाटा. स्पेनमधली तोर्तिया मात्र बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट, नाव तेवढं सारखं. घोळ करू नकोस!

मिरजेची_सई

विजयदादा, हे मला अजिबात माहीत नव्हतं. बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "पत्र पोचायला महिने लागायचे तेव्हा हा माणूस गेला होता."

ओंकारदादा, फाइल तयार करायला घेतली आहे. जेवणाबद्दल कुणी सांगेल का? आई इथेच शेजारी बसली आहे.

ओंकार_ग्रानादाकर

आई, नमस्कार. ग्रानादात पेयाबरोबर तापास, म्हणजे खाण्याच्या छोट्या बशा, फुकट मिळतात, पण त्यात काय येईल ते नशीब. सालामांकाचं नीरजाला जास्त माहीत.

नीरजा_माद्रिद

आई, खरं सांगते, तो भाग मांसाहाराचा आहे. हामोनसाठी, म्हणजे खारवून वाळवलेल्या डुकराच्या मांडीसाठी, नावाजलेलं ग्विहुएलो सालामांका प्रांतातच येतं. "कार्ने (मांस) नको" म्हटलं तरी ताटात हामोन येतो, कारण त्यांच्या लेखी कार्ने म्हणजे ताजं मटण-मांस, हामोन त्यात धरत नाहीत. ट्यूना मासा तर सर्रास. म्हणून सईने पूर्ण वाक्य पाठ करावं: मांस नको, हामोन नको, मासे नकोत. डाळींच्या आमटीतही चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, टाकलेला असतो, विचारून घ्यावं.

पण घरी शिजवलं तर चंगळ आहे. आर्मुन्याची मसूर सालामांकाचीच, देशभर नावाजलेली. पेद्रोसियोचे बारीक हरभरे तिथलेच, आपल्या गावरान हरभऱ्याची आठवण येते. टोमॅटो, वांगी, पालक, ढोबळी मिरची उत्तम. जिरं, हळद मिळते. हिंग, गोडा मसाला, चिंच घरून ने. बाहेर खायचं तर तोर्तिया दे पातातास, पान कोन तोमाते (टोमॅटो लावलेला पाव), पिमिएन्तोस दे पाद्रोन (तळलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या).

वेळा सांभाळा. दुपारचं जेवण दोन-तीनला, रात्रीचं नऊनंतर. दोन ते पाच लहान दुकानं बंद.

सईची_आई

मी नवीन खातं उघडलं आहे. कुकर न्यावा का? छोटा, तीन लिटरचा.

नीरजा_माद्रिद

काकू, तिथल्या मुली गप्प बसून शिटीकडे बघत राहतील. पण न्या. पिसोत पुष्कळदा भगव्या सिलिंडरवरचा गॅस असतो, 'बोम्बोना' म्हणतात, आपल्यासारखाच उचलून आणायचा. फक्त शेगडी विजेची असेल तर सपाट बुडाचा कुकर लागेल, तेवढं आधी विचारा.

दोन_मुलांचा_बाप

व्हिसाबद्दल लिहितो. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईला जातात. मुक्काम १८० दिवसांच्या आत असेल तर व्हिसाच पूर्ण काळासाठी मिळतो. मुलाकडे पोलीस दाखला आणि वैद्यकीय दाखला मागितला नाही, तिथे गेल्यावर परदेशी नागरिकाचं ओळखपत्रही काढावं लागलं नाही. पूर्ण वर्षासाठी जाणाऱ्यांना ते सगळं करावं लागतं. तरी यादी वकिलातीचीच प्रमाण माना, नियम बदलतात.

तिकिटाची चूक मात्र आम्ही केली. परीक्षा संपते त्याच आठवड्याचं परतीचं तिकीट काढलं. एक विषय राहिला आणि फेरपरीक्षा त्यानंतर दोन आठवड्यांनी. तिकीट बदलायला १८ हजार गेले. सत्राचं वेळापत्रक आधी बघा आणि फेरपरीक्षेनंतरची तारीख घ्या.

खोली_शोधक

फोटो बघून 'फिआन्सा' म्हणजे डिपॉझिट पाठवू नकोस. माझे ३०० युरो गेले, त्या पत्त्यावर ती इमारत होती पण ती खोली नव्हती. पहिला आठवडा वसतिगृहात काढ, मग स्वतः जाऊन बघ. फॅकल्टीच्या आवारात खोल्यांचे कागद चिकटवलेले असतात, खाली फोन नंबरच्या फाडायच्या पट्ट्या. खिडकी रस्त्याकडे आहे की आतल्या चौकात, आणि हीटर भाड्यात आहे का, हे विचार. सालामांका सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबरमध्ये पाण्याचं बर्फ होतं.

कावेरी_क.

बार्सिलोना, बालेन्सिया, सांतियागो असं कुणाला मिळालं असेल तर एक सूचना: तिथे काही विषय कातालान, बालेन्सियान, गालिसियन या भाषांत शिकवतात. ग्विआ दोसेन्तेत शिकवण्याची भाषा बघूनच विषय निवडा. सालामांकात हा प्रश्न नाही.

शब्दवेडी_मुग्धा

सालामांकाबद्दल माझ्याकडून एक. ते स्पेनमधलं चालू असलेलं सर्वांत जुनं विद्यापीठ, १२१८ सालचं. तिथे सोळाव्या शतकातले कवी आणि प्राध्यापक फ्राय लुईस दे लेओन यांची वर्गखोली जपून ठेवली आहे, ओबडधोबड लाकडी बाकं अजून आहेत. इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्यांना जवळजवळ पाच वर्षं कैदेत ठेवलं. सुटून आल्यावर पहिल्या तासाला ते म्हणाले, "काल आपण म्हणत होतो...", अशी गोष्ट सांगतात. घडलं असेल-नसेल, पण सई, त्या खोलीत जाऊन माझ्यासाठी पाच मिनिटं बस. मी वीस वर्षं ही भाषा शिकवते आहे आणि अजून तिथे गेले नाही.

मिरजेची_सई

मुग्धाताई, नक्की बसेन. शब्द दिला.

सगळ्यांना कळवते, होकार दिला! विभागप्रमुखांनी पाचपैकी चार विषयांवर सही केली. पाचवा इथे येऊन द्यायचा, तेही लेखी घेतलं. दोन विषय स्पॅनिशमधून (सदादादा), नाही, तीन (नीरजाताई). बाबांनी मुदत ठेव मोडली. मोडताना काही बोलले नाहीत, पण बँकेतून येताना माझ्यासाठी लोकरीची टोपी घेऊन आले.

तांबडी_माती

टोपी वाचून डोळ्यांत पाणी आलं राव.

मिरजेची_सई

धागा वर काढते आहे. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा, सालामांकातून लिहिते.

पिसोत दोन स्पॅनिश मुली आहेत, एक सामोराची, एक कासेरेसची. सिलिंडर भगवाच आहे. कुकर चालतो, आता त्याच विचारतात, आज शिटी कधी? आर्मुन्याच्या मसुरीची आमटी तिघी मिळून खातो, कासेरेसची तीत तिच्या गावाकडचं पिमेन्तोन, म्हणजे लाल मिरचीची पूड, घालते आणि आईचा गोडा मसाला डब्यातून कमी होतो आहे.

पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. सार्वजनिक वित्ताच्या तासाला मला फक्त आकडे कळायचे. एके रात्री बाबांना फोन केला. तिथे मध्यरात्र उलटून गेली होती, तरी त्यांनी उचलला. म्हटलं, मला जमत नाहीये. त्यांनी विचारलं, फळ्यावरचं कळतं का? म्हटलं, कळतं. म्हणाले, "मग उद्या पहिल्या बाकावर बस." मी बसले. गेल्या गुरुवारी गटाने सादरीकरण केलं, माझा भाग जीएसटीत केंद्र आणि राज्यं महसूल कसा वाटून घेतात हा होता. इथे स्वायत्त प्रांत आणि माद्रिद यांच्यात तोच वाद असल्यामुळे प्रश्न संपेनात. वीस मिनिटं उत्तरं दिली, आणि खोलीवर येताना लक्षात आलं की नीरजाताई म्हणाल्या तो दिवस हाच.

काका, पाच महिने कमी आहेत, तुमचं आणि बाबांचं ते बरोबर होतं. आताच जानेवारीची भीती वाटते. म्हणून शनिवार-रविवारी मी इथेच असते.

मुग्धाताई, बाकावर बसले. लाकूड अगदी खडबडीत आहे, हात फिरवून बघावासा वाटतो, पण दोरी लावली आहे. पाचाऐवजी दहा मिनिटं दोरीच्या अलीकडे थांबले, पाच तुमची.

शब्दवेडी_मुग्धा

अगं, "बसले" आणि "दोरीच्या अलीकडे थांबले"? खरं काय ते सांग.

मिरजेची_सई

मनाने बसले, ताई! शरीराने दोरीशी उभी. पुढच्या वेळी तुम्ही या, आपण दोघी मिळून विचारू.

ओंकार_ग्रानादाकर

सई, विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवरचा बेडूक सापडला का? सापडला तर परीक्षा पास म्हणतात. मी ग्रानादाहून दोन दिवसांसाठी आलो होतो, मान मोडेपर्यंत बघितलं, शेवटी पर्यटकांच्या बोटाकडे बघून शोधला.

मिरजेची_सई

सापडला, चौथ्या दिवशी, कुणाच्या मदतीशिवाय. कवटीवर बसला आहे. बाबांना फोटो पाठवला तर त्यांनाही तो पंधरा मिनिटं सापडत नव्हता. अजून येणाऱ्यांसाठी एवढंच सांगते, उजव्या बाजूला बघा. त्याहून जास्त सांगणार नाही.